आईचं पॅराथायरॉइडचं ऑपरेशन – माझा अनुभव

आईला किडनी स्टोन परत परत व्हायचे, त्यात हाडं दुखतात, पोट साफ नाही, दुपारी जेवली की आडवीच. सगळे म्हणायचे वय झालं, पाणी जास्त पी. शेवटी नौपाड्यातल्या आमच्या डॉक्टरांनी रिपोर्टमध्ये कॅल्शियम ११.४ बघितलं (नॉर्मल साधारण ८.५ ते १०.५) आणि म्हणाले, आधी पीटीएच (पॅराथायरॉइड हार्मोन) ची टेस्ट करून आणा.

तर मानेत थायरॉइडच्या मागे बहुतेकांना चार पॅराथायरॉइड ग्रंथी असतात, डाळीच्या दाण्याएवढ्या. रक्तात कॅल्शियम कमी पडलं की त्यांचं पीटीएच ते हाडांतून काढतं, किडनीतून वाया जाऊ देत नाही आणि व्हिटॅमिन डी ॲक्टिव्ह करून आतड्यातूनही जास्त घ्यायला लावतं. कॅल्शियम वाढलं की पीटीएच खाली यायला पाहिजे, आईचं ९८, रेंज १५ ते ६५. डॉक्टर म्हणाले, एवढ्या कॅल्शियमला ५० जरी आलं असतं तरी मला संशय आलाच असता. आपण मेले फक्त बोल्ड केलेले आकडे बघतो!

मग वाशीच्या सर्जनकडे ट्रान्सहार्बर लोकलने चकरा. सोनोग्राफी, डेक्सा (हाडांची घनता मोजतात, त्यात मनगटही घेतलं, या आजारात तिथलं हाड जास्त झिजतं म्हणे) आणि बिघडलेली ग्रंथी शोधायला सेस्टामिबी स्कॅन. त्यात इंजेक्शननंतर थोड्या वेळाने एकदा आणि दोनेक तासांनी परत फोटो काढतात, थायरॉइडमधून औषध निघून जातं पण बिघडलेल्या ग्रंथीत रेंगाळतं. मधल्या वेळात इंजेक्शनवाल्यांना वेगळ्या खोलीत बसवतात, तिथे आईने शेजारच्या बाईंना उकड कशी काढायची ते शिकवून टाकलं.

डावीकडची खालची ग्रंथी बिघडलेली निघाली, मग ऑपरेशन ठरलं. पीटीएच रक्तात काही मिनिटंच टिकतं, म्हणून गाठ काढल्यावर दहा मिनिटांनी ऑपरेशन थिएटरमधूनच परत रक्त पाठवतात, निम्म्याहून खाली आलं तर टाके घालायला मोकळे. आम्हाला बाहेर फक्त ट्यूब घेऊन पळणारा वॉर्डबॉय दिसला, जाम टेन्शन.

बायोप्सीत साधा अडेनोमा, म्हणजे साधी गाठ, कॅन्सर नाही. दुसऱ्या दिवशी ओठांभोवती आणि बोटांना मुंग्या आल्या, कारण उरलेल्या ग्रंथी सुस्तावलेल्या असतात आणि हाडं कॅल्शियम ओढत असतात, म्हणून आता उलट कॅल्शियमच्याच गोळ्या. आईची थायरॉइडची गोळी आहे, तिच्यात आणि यात चार तास अंतर ठेवायला सांगितलंय. सहा महिन्यांनी कॅल्शियम नॉर्मल आलं की बरं झालं म्हणणार, तोवर दर रिपोर्ट आला की आईच आधी विचारते, "पीटीएच किती?"