एवढ्याशा निवडुंगासाठी अडीचशे मैल

अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्याला राज्यफूल आहे, राज्यवृक्ष आहे, राज्यपक्षी आहे. इथवर ठीक, आपल्याकडेही ताम्हण, आंबा, हरियाल आहेतच. पण यांना राज्याचा जीवाश्मही आहे (स्टेगोसॉरस), राज्याचा नाच आहे, आणि २०१४ पासून राज्याचा निवडुंगसुद्धा आहे. क्लॅरेट कप त्याचं नाव. डग्लस काउंटीतल्या गर्ल स्काउटच्या काही मुलींनी पाठपुरावा करून विधिमंडळाकडून हा कायदा करून घेतला. डेन्व्हरला ताईच्या घरी चहा पिताना हे वाचलं आणि ठरवलं, आणखी एखादा मॉल बघण्यापेक्षा हा निवडुंग बघायचा.

भावजींचा विरोध. "अगं, निवडुंग बघायला कोण जातं? तुमच्या जतला कमी आहेत का?"

कमी नाहीत, बांधाबांधावर आहेत. त्याची लाल बोंडं मातीत घासून, कुसळं काढून खाण्यात आमचं अर्धं बालपण गेलं, आणि तरी एखादं कुसळ जिभेत रुतायचंच. पण तो फड्या निवडुंग मुळात अमेरिकेतूनच आपल्याकडे आलेला. माहेरच्या माणसाला त्याच्या गावी जाऊन भेटावं तसं समजा, म्हटलं. ताई हसली, भावजींनी गाडीची किल्ली घेतली.

डेन्व्हर ते ग्रँड जंक्शन या रस्त्याबद्दल लिहिणारे पुष्कळ आहेत. मोटेलबद्दल एवढंच, की खोलीतला एसी रात्रभर खडखडत होता आणि सकाळची कॉफी म्हणजे तांबूस गरम पाणी. ताईच्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी नसती तर माझी तिथेच भांडणं झाली असती.

ग्रँड जंक्शनजवळ कोलोरॅडो नॅशनल मॉन्युमेंट हा कडेदऱ्यांचा संरक्षित प्रदेश आहे. त्यातला रिम रॉक ड्राइव्ह हा रस्ता २३ मैलांचा. एका बाजूला लाल वालुकाश्माचा कडा, दुसऱ्या बाजूला दरी, आणि बऱ्याच ठिकाणी मध्ये कठडा नाही. भावजी दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून गप्प. ताईची रामरक्षा सुरू. या जागेसाठी जीव टाकणारा जॉन ऑटो नावाचा एक अवलिया होता. १९११ साली हिला मॉन्युमेंटचा दर्जा मिळाल्यावर तो महिना एक डॉलर पगारावर तिची राखण करायचा. त्या रस्त्यावर बसून मला ते पटलं, कारण पैशासाठी इथे कोण राहील?

प्रत्येक थांब्यावर सगळ्यांची मान वर किंवा समोर. इंडिपेंडन्स मॉन्युमेंट हा साडेचारशे फुटी सुळका, त्यापुढे निवडुंगाला कोण विचारतो! मी मात्र पायवाटेच्या कडेने खाली बघत चालले. बराच वेळ गवत, दगड, वाळकी खोडं. भावजींनी दोनदा घड्याळ बघितलं.

आणि एका वेड्यावाकड्या जुनिपरच्या झाडाच्या मुळाशी तो दिसला. वीतभर उंचीच्या, जाडसर, हिरव्या कांड्यांचा दाट पुंजका. तीसेक तरी असतील, एकमेकांना रेटून बसलेल्या. आणि त्यावर फुलं! शेंदरी की रक्तवर्णी, ठरवता येईना. पाकळ्या मेणासारख्या जाड, आत गुलाबी परागकोशांचं वर्तुळ आणि बरोबर मध्ये पोपटी स्त्रीकेसर. एवढं भडक रंगकाम साडीवर केलं असतं तर मी नाक मुरडलं असतं. इथे डोळे हटेनात.

बहुतेक निवडुंगांची फुलं रात्री मिटतात किंवा एका दिवसात संपतात. ही रात्रीही उघडी राहतात आणि काही दिवस टिकतात. गिऱ्हाईक म्हणजे हमिंगबर्ड. एक आलाही, चोच खुपसली, भिरभिरला, गेला. आपल्या शिंजीरासारखा, पण हवेत एका जागी खिळून राहण्यात शिंजीराला मागे टाकणारा. हिवाळ्यात इथे बर्फ पडतो. तेव्हा या कांड्या आतलं पाणी कमी करून सुरकुततात, म्हणजे गोठून फाटायचा धोका घटतो. याच पश्चिम भागात बिनकाट्यांचेही सापडतात. त्यांना वेगळा दुर्मीळ प्रकार समजून १९७९ साली संघराज्याच्या संकटग्रस्त यादीत घातलं होतं आणि वेगळा प्रकार नाहीच म्हणून १९९३ साली काढलं. सरकारी यादीत येण्या-जाण्याचा अनुभव या निवडुंगाला जुनाच आहे म्हणायचा.

भावजी कधी शेजारी उकिडवे बसले कळलं नाही. "बर्फात राहतो हा?" एवढंच विचारलं.

तेवढ्यात एक मोठ्या कॅमेऱ्याचा माणूस पायवाट सोडून थेट आमच्याकडे आला. तिथली माती काळसर, पापुद्रा धरलेली. तो पापुद्रा जिवंत असतो, शेवाळ, दगडफूल, सूक्ष्मजीव मिळून वाळू धरून ठेवतात. एक पाऊल पडलं की तो पुन्हा धरायला कित्येक वर्षं लागतात. पाटीवर चित्रासकट लिहिलेलं होतं. या बाबाची पंधरा-वीस पावलं पडली. माझं डोकं फिरलं, पण इंग्रजीत चिडायला मला वेळ लागतो. तोवर भावजी उठले आणि अत्यंत सभ्य, अत्यंत थंड इंग्रजीत त्याला पाटी वाचून दाखवली. अख्खी. तो पुटपुटत गेला, दुर्दैवाने पुन्हा त्याच मातीवरून.

राज्यफुलाला, कोलंबाइनला, १९२५ पासून कायद्याचं संरक्षण आहे: सार्वजनिक जमिनीवरून रोप उपटायचं नाही, दिवसाला पंचवीसहून जास्त देठ तोडायचे नाहीत. मान दिला की असं काहीतरी सोबत द्यावं, असं माझं मत.

परतताना रविवार संध्याकाळ, आय-सत्तर महामार्गावर डोंगरातून उतरणाऱ्या गाड्यांची रांग. या वेळेला या रस्त्याला कुणी जाऊ नये. दोन तास आम्ही जवळजवळ जागेवर होतो आणि त्यातला दीड तास भावजी एकाच विषयावर: अंगणातलं हिरवळीचं पाणी बंद, नर्सरीतून क्लॅरेट कप आणायचे, दगड मांडायचे.

"सोसायटीचं पत्र येईल," ताई म्हणाली.

"येऊ दे. राज्याचा निवडुंग आहे, कोण काय बोलतंय!"