रेकॉर्डवर ‘रिकॉल पूर्ण’, चेंबरमध्ये सीलंट

न्यू जर्सीतल्या ज्या गॅरेजमध्ये मी काम करतो त्यावर कुठल्याही कंपनीची पाटी नाही. त्यामुळे रिकॉलची, म्हणजे दोष सापडल्यावर कंपनी गाड्या परत बोलावून करते त्या दुरुस्तीची कामं आमच्याकडे येत नाहीत, ती कंपनीच्या डीलरनेच करायची असतात. झालेल्या रिकॉलचे परिणाम मात्र आमच्या लिफ्टवर येतात. मागच्या महिन्यात आलेली 2013 ची सायन एफआर-एस माझ्या डोक्यातून अजून जात नाही.

ही गाडी म्हणजे टोयोटा 86 चंच सायन या ब्रँडखाली विकलेलं अमेरिकेतलं रूप, सुबारू बीआरझेडची जुळी बहीण. सुबारूचं दोन लिटरचं बॉक्सर इंजिन (सिलिंडर दोन्ही बाजूंना आडवे झोपलेले), टर्बो नाही, 7000 आरपीएमला 200 हॉर्सपॉवर. ताकद हवी तर इंजिन वर ताणावंच लागतं, आणि मालक ते आनंदाने ताणतात.

पंचविशीतला मालक कागदांचा गठ्ठा घेऊनच आला. त्यात या मॉडेलची सगळी सर्व्हिस बुलेटिन्स होती: मागच्या दिव्यांत साचणारं पाणी, आयडलचं (गाडी उभी असतानाच्या इंजिनाच्या वेगाचं) खालीवर होणं, हाय प्रेशर फ्युएल पंपाचा रातकिड्यासारखा आवाज. एका कागदावर पिवळी खूण. “हाच आवाज आहे. कंपनीने कबूल केलंय, म्हणजे फुकट व्हायला हवं ना?”

हा गैरसमज मी वारंवार ऐकतो, आणि तो दूर करायचे कष्ट काउंटरवर बसणारे घेत नाहीत. बुलेटिन हे कंपनीने मेकॅनिकला लिहिलेलं पत्र आहे: अशी तक्रार आली तर इथे बघा, हा पार्ट वापरा. खर्च कंपनी करते तो वॉरंटी असेपर्यंतच. रिकॉल सुरक्षिततेसाठी असतो, तिथे कायदा मध्ये येतो. अमेरिकेत दोष जाहीर होताना गाडी पंधरा वर्षांहून जुनी नसेल तर ती दुरुस्ती फुकट करून द्यावी लागते, मालक कितवाही असो.

गाडी सुरू केली. पंपाचा आवाज बारीक, चिवचिवता असतो आणि आयडललाच ऐकू येतो. इथे थ्रॉटल दिला की खालून जड ठोका येत होता. ऑइल लेव्हल बरोबर. डॅशबोर्डवरचा ऑइल प्रेशरचा लाल दिवा बंद, पण त्याचा मला भरवसा नाही; प्रेशर पार तळाला गेल्याशिवाय तो लागत नाही, आणि स्पोर्ट्स कार म्हणून विकलेल्या या गाडीत कंपनीने ऑइल प्रेशरचा काटा दिलेलाच नाही. मी त्या दिव्याचा स्विच इंजिनावरून काढून तिथे आमचा प्रेशर गेज लावला. इंजिन तापल्यावर आरपीएम वाढवला तरी काटा जेमतेम हलला.

चॅसिस नंबर टाकून सरकारी साइट पाहिली. बाकी रिकॉल: शून्य. “बघा, व्हॉल्व्ह स्प्रिंगचा रिकॉल आधीच्या मालकानेच करून घेतलाय,” तो समाधानाने म्हणाला. माझ्या पोटात मात्र तिथेच गोळा आला.

तो रिकॉल नोव्हेंबर 2018 चा. 2012-13 मध्ये बनलेल्या गाड्यांच्या व्हॉल्व्ह स्प्रिंग (इंजिनातले व्हॉल्व्ह बंद करणाऱ्या स्प्रिंग) तुटू शकत होत्या आणि चालत्या गाडीत इंजिन बंद पडू शकत होतं. दोष खरा, रिकॉल योग्यच. पण बॉक्सर इंजिनाची हेड, म्हणजे व्हॉल्व्ह बसतात ते भाग, दोन्ही बाजूंना चॅसिसला भिडलेली असतात, म्हणून स्प्रिंगसाठी अख्खं इंजिन उतरवायचं, टायमिंग चेनवरचं कव्हर काढायचं, चेन, कॅम, सगळं सोडवायचं. परत लावताना त्या कव्हरला गॅस्केट नसते, नळीतला सीलंट लावायचा. जुना सीलंट कानाकोपऱ्यातून खरवडायचा, पृष्ठभागावर तेलाचा थेंबही नको, मग सारख्या जाडीची रेघ ओढायची आणि ती सुकायच्या आत कव्हर बसवायचं. रेघ जाड झाली की दाबलं गेलेलं जास्तीचं सीलंट आतल्या बाजूला येतं. बाहेरचं पुसता येतं. आतलं दिसत नाही, सुटलं की ऑइलबरोबर खाली चेंबरमध्ये, म्हणजे ऑइल साठतं त्या भांड्यात येतं आणि ऑइल पंपाच्या जाळीला (स्ट्रेनरला) चिकटतं.

चेंबर उतरवलं. स्ट्रेनरची जाळी अर्ध्याहून जास्त बुजलेली, शेवयांसारखे सीलंटचे तुकडे. ऑइल फिल्टर कापून उलगडला तर घड्यांत धातूची चमकी. ऑइल न पोचल्याने इंजिनातलं बेअरिंग गेलं होतं.

ज्याने हे काम केलं त्याच्यावर मी चिडलो, आणि त्याला मिळणाऱ्या पैशाचा हिशोब आठवून पद्धतीवर जास्त चिडलो. इथे बहुतेक डीलरकडे मेकॅनिकला ठरलेल्या तासांचे पैसे मिळतात. रिकॉलचे तास कंपनी ठरवते आणि ते नेहमी आखडते असतात. सावकाश खरवडणाऱ्याचा पगार बुडतो. एवढं नाजूक काम हजारो गाड्यांवर, शेकडो वर्कशॉपमध्ये, अशा घड्याळावर करून घ्यायचं आणि रेकॉर्डवर मात्र ‘पूर्ण’ एवढंच नोंदवायचं! ते काम कसं झालं हे तपासणारा रकाना कुठेच नाही.

मालकाला जाळी दाखवली. बराच वेळ तो काही बोलला नाही. मग विचारलं, “मग रिकॉल करूनच घ्यायला नको होता का?” मी म्हटलं, घ्यायलाच हवा, स्प्रिंग तुटली तर हायवेवर गाडी बंद पडेल. हे उत्तर मी आजही बदलणार नाही. पण ते देताना तो माझ्या हातातल्या जाळीकडे बघत होता, आणि त्या क्षणी ते मलाच अपुरं वाटलं. आता या मॉडेलची रिकॉल झालेली गाडी आली की प्रेशर मोजल्याशिवाय मी सोडत नाही, आणि शंका आली तर चेंबर उतरवतोच.

काम करणाऱ्या डीलरने आधी फोनवर “काम नियमाप्रमाणे झालंय, नंतर गाडी कशी चालवली कुणास ठाऊक” एवढंच सांगितलं. मी फोटो, प्रेशरचे आकडे आणि लेखी रिपोर्ट दिला; जाळी तशीच पिशवीत सीलबंद करून चॅसिस नंबर लिहून ठेवली. सरकारी सुरक्षा खात्याकडे तक्रारही मालकाकडून भरून घेतली. अशा तक्रारी एकत्र झाल्या तरच तिथे कुणी फाइल उघडतं. डीलरचा माणूस पुढच्या आठवड्यात येणार आहे. तो बघेपर्यंत मी इंजिन उघडणार नाही.