वाघोलीच्या खाणींत निळ्या ठिपक्यांची नोंद

पुण्याहून वाघोलीची पहिली बस धरली तेव्हा उजाडायचं होतं, पण नगर रस्त्यावर खडीचे डंपर धावू लागले होते. दोन रविवार आम्ही चौघांनी या भागातल्या जुन्या दगडखाणी पायी फिरून नोंदवल्या. आम्हाला कॅव्हनसाइट जिथे सापडतो तो थर अजून कुठे उघडा आहे, एवढंच बघायचं होतं.

कॅल्शियम, व्हॅनेडियम आणि सिलिकाचं हे निळं खनिज. १९७३ मध्ये अमेरिकेतल्या ओरेगॉनच्या नमुन्यांवरून त्याचं शास्त्रीय वर्णन झालं, पण जगभरच्या संग्रहांतले देखणे नमुने बहुतेक वाघोलीचे. आणि हीच जागा शहराच्या पोटात चाललीय.

पाच खाणी पाहिल्या. दोन पाण्याने भरलेल्या, एक राडारोड्याने बुजवलेली, दोन चालू. चौथ्या खाणीच्या उत्तरेच्या भिंतीत तुकड्यातुकड्यांच्या खडकाचा मळकट हिरवा पट्टा दिसला. त्यातल्या तळहाताएवढ्या पोकळीत स्टिल्बाइटचे पांढरे स्फटिक आणि त्यांवर बाजरीच्या दाण्याएवढे निळे गोळे! मी श्वास रोखून बघत राहिले. शेजारचा जुना कामगार म्हणाला, "ताई, पूर्वी असं निघालं की मुकादम हात थांबवायचा. आता डबर भरायची घाई असते." क्रशरमध्ये गेलं की त्याची खडीच.

जाणार असाल तर मालकाची लेखी परवानगी घ्या आणि सुरुंगाची वेळ आधी विचारून ठेवा. हेल्मेट, जाड तळाचे बूट, दोन लिटर पाणी. पाणी साचलेल्या खाणीच्या काठावर अजिबात जाऊ नका, कडा आतून पोखरलेल्या असतात. भिंतीवर छिन्नी-हातोडा चालवू नका. उचलायचंच तर फोडून पडलेल्या ढिगातलं, आणि तेही खालच्या दगडासकट. निळे गोळे हलक्या धक्क्यानेही सुटतात, त्यामुळे घासू नका, ॲसिड तर लावूच नका. जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून डब्यात घट्ट बसवा.

चिठ्ठी मात्र तिथेच लिहा: खाण, तारीख, जीपीएस, तळापासूनची उंची, कुठली भिंत. माझ्याकडे लहानपणी घेतलेला एक सुंदर तुकडा आहे, पण तो कुठल्या खाणीतला ते कुणालाच सांगता येत नाही. अभ्यासाला तो निरुपयोगी, याचं मला फार वाईट वाटतं.

पावसाळ्यात त्या भिंतीचा भरवसा नाही, दसऱ्यानंतरच जा. सकाळी नऊच्या आत तिथे पोहोचा, तेव्हा ऊन तिरपं असतं आणि हिरवा पट्टा लांबूनही ओळखू येतो.