इन्व्हर्टर घेण्याआधी आठवडाभर व्होल्टेज मोजलं

आमचं घर आर्णी तालुक्यातल्या एका गावात, अगदी शेवटच्या खांबावर. त्यापुढे नुसती वावरं. हरभऱ्याला पाणी द्यायला मोटरी सुरू झाल्या की आमच्या फ्रिजचा कॉम्प्रेसर नुसता घुरघुरतो, उचलत नाही. आणि नेमकं त्याच वेळी, संध्याकाळी ६ ते ८, मी दहावीच्या मुलांना ऑनलाइन गणित शिकवते. मागच्या वर्षी भूमितीचा एक तास तीनदा तुटला. पोरं वाट पाहून निघून गेली, तो दिवस मला फार लागला.

तेव्हा माझ्याकडे कॉम्प्युटरचा ६०० व्हीएचा यूपीएस होता. ६०० हा आकडा किती भार पेलेल ते सांगतो, किती वेळ टिकेल ते नाही, हे मला उशिरा कळलं. त्याच्या पोटात १२ व्होल्ट, ७ अँपिअर-अवरची बॅटरी असते, म्हणजे सगळी मिळून ८४ वॅट-अवर. काम सेव्ह करून मशीन नीट बंद करायला तेवढी पुरते.

मोठा इन्व्हर्टर पाहायला यवतमाळला गेले. पहिल्या दुकानात सर्वांत महागडा पुढे केला. दुसऱ्या दुकानातल्या वयस्कर भाऊंनी मात्र विचारलं, "ताई, तुमच्याकडे लाईन किती येते, मोजून पायलं काय?" मी मोजलं नव्हतं. काही न घेता परत आले.

पुतण्याचा मल्टिमीटर आठवडाभर घरी ठेवला आणि वहीत आकडे लिहिले. सकाळी २२५ ते २३०, दुपारी २१०, संध्याकाळी साडेसहाला १६५. मोटरी बंद झाल्यावर रात्री एकदा २४५. ही वही नसती तर माझे पैसे वाया गेले असते, ते असे.

बहुतेक इन्व्हर्टरला यूपीएस मोड आणि साधा मोड असं एक बटण असतं. यूपीएस मोडमध्ये लाईन गेल्यावर बॅटरी इतक्या झटकन जोडली जाते की कॉम्प्युटर बंद पडत नाही. पण साधारण १८० व्होल्टच्या खाली लाईन आली की हा मोड तिला लाईनच मानत नाही, सगळा भार बॅटरीवर टाकतो. म्हणजे आमच्याकडे रोज संध्याकाळी लाईन असूनही बॅटरी रिकामी होत राहिली असती, आणि साडेसातला खरोखर लाईन गेली की हाती काहीच नाही. साध्या मोडमध्ये १६५ चालतात, पण ते तसेच कमी व्होल्टेजनं कॉम्प्युटरपर्यंत जातात आणि अदलाबदलही हळू होते. म्हणून इन्व्हर्टरच्या आधी स्टॅबिलायझर, म्हणजे कमी-जास्त व्होल्टेज सारखं करून देणारी पेटी. घरचा भार आणि बॅटरीचं चार्जिंग, दोन्ही पेलेल एवढा तो हवा.

भार मोजायला मीटरच कामी आला. आमच्या मीटरवर ३२०० इम्प लिहिलंय, म्हणजे दिवा ३२०० वेळा लुकलुकला की १ युनिट. घरातलं बाकी सगळं बंद करून फक्त कॉम्प्युटर नि मॉनिटर चालू ठेवले. १० मिनिटांत ५९ वेळा लुकलुकला, म्हणजे ११० वॅट. राउटरचे १०, पंख्याचे ७५, दोन एलईडी बल्बचे १८. एकूण २१३. इन्व्हर्टरमध्ये वाया जाणारी वीज धरून २६० समजले.

१५० अँपिअर-अवरची १२ व्होल्टची बॅटरी कागदावर १८०० वॅट-अवर होते. पण तो आकडा २० तासांत सावकाश रिकामी करण्याचा असतो. भराभर काढली तर कमी मिळते, आणि दरवेळी तळापर्यंत काढली तर आयुष्य घटतं. मी ६० टक्केच धरले. चार तास निघतात, मला दोन पुरे. लिथियमचीही चौकशी केली. ती हलकी, पाणी टाकायची कटकट नाही, पण माझ्या बजेटबाहेर. पाणी टाकावं लागणारी ट्यूब्युलर बॅटरी घेतली, प्युअर साइन वेव्ह इन्व्हर्टरसोबत, म्हणजे लाईनसारखीच वीज देणाऱ्या. साध्या, स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर पंखा गुणगुणतो आणि मला तासभर तो आवाज मुलांना ऐकवायचा नव्हता. फ्रिज मुद्दाम इन्व्हर्टरला जोडला नाही, कारण सुरू होताना तो चालताना लागते त्याच्या कितीतरी पट करंट ओढतो.

ह्यांनी बॅटरी छपरीत ठेवायचं ठरवलं होतं. मी नाही म्हटलं. मे महिन्यात टिनाखाली जी भट्टी होते, त्यात बॅटरी लवकर मरते. चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन निघतो, तो पेट घेतो, म्हणून दिवा लागतो त्या देवघराजवळही नको. शेवटी उत्तरेकडच्या खिडकीखाली जागा केली. पाणी डिस्टिल्डच, बोअरचं कधीच नाही, त्यातले क्षार प्लेटा खातात.

वायरमनदादांनी अर्थिंग तपासलं तर ते जवळपास नव्हतंच. काळी माती उन्हाळ्यात हातभर भेगाळते, अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो. मीठ-कोळसा नव्याने भरला, आता दर आठवड्याला बादलीभर पाणी ओतते. कॉम्प्युटरच्या पत्र्याला हात लावल्यावर येणारा चुणचुणता झटका थांबला.

ती वही लाइनमनभाऊंनाही दाखवली. त्यांनी खांबावरचा सैल जोड घट्ट केला आणि संध्याकाळचे १६५ चे १७५ झाले. स्टॅबिलायझर तरी लागतोच.

परवा वर्तुळाच्या स्पर्शिकेचं प्रमेय चालू असताना लाईन गेली. ह्यांचा वावरातून फोन आला, "घरची गेली काय?" तेव्हा मला कळलं. पलीकडे एक पोरगी विचारत होती, "मॅडम, त्रिज्या लंबच का?"