मोबाईलवर शिकवत होतात, मग मुलं मागे का पडली?

पुण्या-मुंबईकडचे नातेवाईक भेटले आणि मी इंदूरच्या सरकारी शाळेत शिकवते हे कळलं, की हा प्रश्न येतोच. तुम्हीही विचारलंत, म्हणून जरा सविस्तर सांगते.

आमची शाळा बाणगंगेच्या बाजूची, हिंदी माध्यमाची. बरेच पालक सांवेर रोडच्या कारखान्यांत कामाला. मार्च 2020 मध्ये कोरोनामुळे शाळा बंद झाल्या. एप्रिलपासून ‘डिजिलेप’ या मध्य प्रदेश सरकारच्या ऑनलाइन शिक्षणाच्या उपक्रमाचे व्हॉट्सअॅप ग्रुप सुरू झाले, त्यावर येणारे व्हिडिओ आम्ही पालकांना पाठवायचो. 6 जुलैपासून ‘हमारा घर हमारा विद्यालय’ आलं. सकाळी दहाला घरच्यांनी थाळी वाजवायची आणि घरातच शाळा भरवायची. योजना मला आवडली होती. शिकलेली ताई किंवा आजोबा होते त्या घरांत ती चाललीही.

पण फोन घरात एकच, तोही वडिलांच्या खिशात. कारखाने उघडले तसा फोन त्यांच्याबरोबर कामावर जायला लागला. सकाळचा व्हिडिओ मुलापर्यंत पोचायचा रात्री जेवणं झाल्यावर, रिचार्ज शिल्लक असेल तर. हे सगळं तुम्ही वाचलेलंच असेल. मला विचाराल तर मोठं नुकसान वेगळ्याच ठिकाणी झालं.

तिसरीतली एक मुलगी नेमाने गृहपाठाचा फोटो पाठवायची. 52 वजा 27, उत्तर 35. मी रीत लिहून पाठवली, वर व्हिडिओही. पुढचा फोटो आला: 61 वजा 34, उत्तर 33. मोठ्या आकड्यातून लहान काढतेय हे दिसत होतं. असं का करतेय, ते फोटोत कुठून दिसणार?

मग मोहल्ला क्लास सुरू झाले. मंदिराच्या ओट्यावर, चार-पाच मुलं लांब लांब बसवून. तिला म्हटलं, बोलत बोलत कर. ती म्हणाली, “दोनातून सात जात नाहीत, म्हणून सातातून दोन काढले. बेरजेत उलटं केलं तरी चालतं ना?” किती विचार केला होता तिने! काड्यापेटीतल्या काड्यांच्या दहा-दहाच्या जुड्या बांधल्या. पाच जुड्या, दोन सुट्या. त्यातून सत्तावीस दे म्हटलं. सुट्या पुरेनात, तेव्हा तिनेच एका जुडीचं रबर काढलं. हातचा तिला तिथे कळला.

वर्गात हे रोज घडतं. बाकांमधून फिरताना कोणाची पेन्सिल कुठे अडली ते दिसतं आणि आपण तिथेच थांबतो. व्हिडिओ कितीही चांगला असो, तो थांबत नाही.

अझीम प्रेमजी विद्यापीठाने जानेवारी 2021 मध्ये मध्य प्रदेशासह 5 राज्यांत, दुसरी ते सहावीच्या 16,000 हून अधिक मुलांची पाहणी केली. आदल्या वर्षी येत असलेलं भाषेतलं निदान एक कौशल्य 92 टक्के मुलं विसरली होती. गणितात हेच प्रमाण 82 टक्के. म्हणजे नवं शिकायचं राहिलं ते वेगळंच, जुनंही गेलं. इकडे वरच्या वर्गात मात्र सगळे जात होते. मार्च 2020 ला पहिलीत असलेलं मूल 20 सप्टेंबर 2021 ला प्राथमिक वर्ग उघडले तेव्हा एकदम तिसरीत येऊन बसलं. त्यातल्या काहींना मात्रा, वेलांटी पुन्हा पाटीवर गिरवायला लावाव्या लागल्या.

त्या मुलीनंतर मी फोटोऐवजी आवाज मागवायला लागले. गणित बोलत बोलत करायचं आणि ते रेकॉर्ड करून पाठवायचं. व्हिडिओपेक्षा नेटही कमी लागतं. मागून कुकरच्या शिट्ट्या, धाकट्याचं रडणं, सगळं यायचं. पण मूल कुठे अडखळतंय ते ऐकू यायचं. दुसऱ्या दिवशी नेमकं तेवढंच समजावता यायचं. आताही कोणी आजारी पडून घरी राहिलं, तर मी हेच करते.

पुन्हा शाळा बंद करायची वेळ आलीच, तर व्हिडिओ खुशाल पाठवा. पण शिक्षकाला सरकारी सर्व्हेच्या ड्यूटीतून सोडवा आणि आठवड्यातून एकदा तरी, ओट्यावर का होईना, प्रत्येक मुलाशेजारी बसू द्या.