शालेय रग्बी : खेळाडू निवडण्यापासून शिष्यवृत्ती खात्यावर पडेपर्यंत

१ जानेवारी २००९. २०२५-२६ च्या हंगामात १७ वर्षांखालील गटाला ही तारीख लागू होती. त्या दिवशी किंवा त्यानंतर जन्मलेलाच चालतो. १४ च्या गटाला १ जानेवारी २०१२, १९ च्या गटाला १ जानेवारी २००७. दर वर्षी साल एकाने पुढे न्यायचं. बीड जिल्ह्यातल्या शाळेत मी शारीरिक शिक्षण शिकवतो आणि रग्बीचा संघ निवडायला बसतो तेव्हा चेंडू कपाटातच असतो, टेबलावर जनरल रजिस्टर, म्हणजे शाळेच्या प्रवेशाचं नोंदपुस्तक असतं.

आपल्याकडे अर्ध्या गावाचा वाढदिवस १ जूनला असतो, हे सांगायला नको. नाव घालताना गुरुजींनी जी तारीख टाकली ती कायमची झाली. आता हे प्रमाण घटलंय, पण उसाच्या फडात किंवा वीटभट्टीवर जन्मलेल्या लेकरांच्या रजिस्टरमधली तारीख एक, आधारवरची दुसरी आणि ग्रामपंचायतीच्या जन्मदाखल्यावरची तिसरी, असं अजूनही निघतं. स्पर्धेच्या टेबलावर तिन्ही एकत्र पाहिले की खेळाडू बाद. म्हणून जूनच्या शेवटच्या आठवड्यात साधारण ३० नावं घ्यायची आणि एकेकाचे तिन्ही कागद शेजारी ठेवून तारीख, नाव, वडिलांचं नाव, आडनावाचं इंग्रजी स्पेलिंग जुळवायचं. आधारवरची जन्मतारीख साधारणपणे एकदाच बदलून मिळते, त्यामुळे घाईने चुकीच्या कागदावरून दुरुस्ती करू नये. आधी जन्मदाखला पक्का करायचा, मग आधार. रजिस्टरमधली तारीख मुख्याध्यापकांनाही परस्पर खोडता येत नाही. त्यासाठी शिक्षण खात्याची मंजुरी लागते आणि त्यात महिने जातात. ज्याचं हे काम जुलैत सुरूच झालेलं नाही, तो कितीही पळणारा असला तरी त्याला पुढच्या वर्षीच्या यादीत टाकतो. वाईट वाटतं, पण बारापैकी एकाच्या कागदावरून अख्ख्या संघावर हरकत येण्यापेक्षा ते बरं.

शालेय रग्बी म्हणजे सात जणांचा खेळ. मैदानावर ७, संघात १२. सात-सात मिनिटांचे दोन डाव, मध्ये दोन मिनिटं. ट्रायला, म्हणजे समोरच्यांच्या गोलरेषेपलीकडे चेंडू जमिनीला टेकवला की, ५ गुण. त्यानंतर गोलखांबांमधून मारायच्या किकला, म्हणजे कन्व्हर्जनला २, समोरच्यांच्या चुकीवर मिळणाऱ्या पेनल्टी किकला ३. कन्व्हर्जन ड्रॉप किकनेच मारायचं, म्हणजे चेंडू जमिनीवर टेकून उसळताच मारायचा. मारणारा एक तरी मुलगा जुलैपासून तयार केला नाही तर पाच ट्राय करूनही चार ट्रायवाल्याकडून हरता येतं. हिशेब करून बघा, २५ विरुद्ध २८.

आमच्या भागात रग्बीपटू म्हणून कुणी जन्माला येत नाही. तो कबड्डी, खो-खो किंवा धावण्यातून उचलावा लागतो आणि प्रत्येकाबरोबर त्या खेळाची सवयही येते.

कबड्डीतला कोपरा रक्षक सगळ्यांत आधी घ्यावासा वाटतो. त्याची पकड तयार असते, अंगाला अंग लागायची भीती गेलेली असते. पण त्याच्या तीन सवयी मोडाव्या लागतात. पहिली, तो धरलेलं सोडत नाही. कबड्डीत पंचांची शिट्टी होईपर्यंत धरून ठेवायचं असतं. रग्बीत समोरचा खाली गेला की पाडणाऱ्याने त्याला लगेच सोडायचं आणि पडलेल्याने चेंडू सोडायचा, नाहीतर पेनल्टी. सुरुवातीच्या सामन्यांत आमच्यावरच्या बहुतेक पेनल्ट्या याच एका कारणाच्या असतात. दुसरी, डॅश. चढाईपटूला खांद्याने उडवून रेषेबाहेर घालवलं की कबड्डीत टाळ्या पडतात, तर रग्बीत हात न गुंडाळता खांदा मारला तर पेनल्टी आणि जोरात असेल तर कार्ड. सेव्हन्समध्ये, म्हणजे या सात जणांच्या रग्बीत, पिवळं कार्ड म्हणजे दोन मिनिटं बाहेर, आणि सात मिनिटांच्या डावात दोन मिनिटं सहा जणांनी खेळणं म्हणजे एक ट्राय दिल्यात जमा. तिसरी सवय धोक्याची आहे. घोट्याला झेप घेताना तो डोकं पळणाऱ्याच्या वाटेत घालतो. गुडघा कानशिलावर बसतो. डोकं नेहमी पळणाऱ्याच्या मागच्या बाजूला, गाल त्याच्या मांडीला लागलेला, दोन्ही हात गुंडाळलेले आणि नजर वर, हे आधी गुडघ्यावर बसून, मग चालत, मग पळत शिकवायचं. यात तीन आठवडे जातात आणि ते वाचवू नयेत.

एक फायदा मात्र कबड्डीवाले सर सहसा सांगत नाहीत. वयोगटाच्या कबड्डीत वजनाची मर्यादा असते. ती ओलांडलेला दणकट पोरगा तिथे बाहेर बसतो. रग्बीत वजनाची अट नाही. स्क्रममध्ये, म्हणजे दोन्ही संघ खांद्याला खांदा लावून चेंडूसाठी रेटतात त्यात, तीन जण लागतात, त्यातले दोन मला दर वर्षी असेच मिळतात.

खो-खोतला पळती करणारा मुलगा बाहेरच्या फळीसाठी सोन्यासारखा. हुलकावणी द्यायला त्याला शिकवावं लागत नाही. पाठलागवाला त्यामानाने अवघड जातो. एकदा घेतलेली दिशा बदलायची नाही हे त्याच्या पायांत बसलेलं असतं. शंभर-दोनशे मीटरवाला सरळ रेषेत कुणाला सापडत नाही, पण त्याच्या हाताला चेंडूची सवय नसते. त्याच्यासाठी माझी चाचणी साधी आहे: पळता पळता डावीकडून १० आणि उजवीकडून १० पास. वीसपैकी चौदा झेलले तर महिन्यात तयार होईल. दहाच्या खाली असेल तर त्याला धावण्यातच राहू द्यावं. सगळ्यांचीच एक गोची असते, पास मागे द्यायचा. पुढे टाकायची ओढ जायला साधारण पंधरा दिवस लागतात.

मैदानाचं थोडक्यात. काळ्या मातीत पावसाळ्यात बूट चिकटतात आणि दिवाळीनंतर भेगा पडतात, घोटा मुरगळतो तो त्या भेगांत. पाडायचा सराव नदीतल्या वाळूत किंवा कबड्डीच्या मॅटवर करावा. बूट फुटबॉलचे चालतात. चेंडू १४ च्या गटाला ४ नंबरचा, पुढे ५ नंबरचा. दातांचं कवच उकळत्या पाण्यात मऊ करून तोंडात बसवायचं असतं. पोरं ते न उकळता तसंच घालतात, सैल बसतं आणि खिशात जातं. डोक्याला मार बसल्याची शंका जरी आली तरी मुलगा बाहेर, आणि त्या दिवशी परत आत नाही. सामना हातातून जात असला तरी.

आता प्रवेशिका. शाळेची ऑनलाइन नोंद यूडायस क्रमांकावर, म्हणजे शाळेच्या सरकारी ओळख क्रमांकावर होते. खेळाडूंची नावं भरायची, शुल्क भरायचं, प्रिंट काढून मुख्याध्यापकांची सही-शिक्का घेऊन जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात द्यायची. फोटोवर शिक्का अर्धा फोटोवर, अर्धा कागदावर. शेवटच्या दिवशी साइट चालत नाही असं गृहीतच धरावं. रग्बीला तालुक्याची फेरी बहुधा नसते, थेट जिल्हा, मग विभाग, मग राज्य. मराठवाड्यातले जिल्हे छत्रपती संभाजीनगर आणि लातूर अशा दोन विभागांत येतात. राज्यात आठ विभाग आहेत. विजेता संघच वर जातो आणि राज्य स्पर्धेनंतर निवड चाचणीतून राज्याचा संघ निघतो. म्हणजे राज्यात तुमचा संघ पहिल्या फेरीत हरला तरी एखाद्या मुलाची निवड होऊ शकते. हे माहीत नसल्यामुळे हरलेले संघ त्याच संध्याकाळची एसटी धरतात. चाचणी संपेपर्यंत थांबावं, जेवणाची सोय करून जावं.

जिल्ह्यात कधी कधी दोन-तीनच संघ येतात. पुढे चाल मिळाली म्हणून आनंद मानू नये. खेळल्याची नोंद स्कोअरशीटवर असली पाहिजे, आणि बाराव्या खेळाडूलाही दोन मिनिटं का होईना, आत घालावं. त्याचं कारण पुढे येईल.

मुलींच्या संघाबरोबर महिला व्यवस्थापक लागते, ती जुलैतच ठरवावी. मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे, त्यामुळे मुलींचा संघ नेणं मुलांपेक्षा स्वस्त पडतं. पालकांना पटवताना हे सांगितलेलं उपयोगी पडतं.

संघ मोडतो तो दोन ठिकाणी. दसऱ्यानंतर ऊसतोडीच्या टोळ्या साखर कारखान्यांकडे निघतात आणि राज्य, राष्ट्रीय स्पर्धा नेमक्या त्याच्या पुढच्या महिन्यांत येतात. आई-बापांनी मुकादमाकडून उचल घेतलेली असते. चौदा-पंधरा वर्षांचा दणकट पोरगा फडात मोळी वाहायला लागतो, किंवा धाकट्यांना सांभाळायला बहीण लागते. अशा घरात जाऊन खेळाचं महत्त्व सांगण्यात अर्थ नाही. मुलगा गावात कुठे राहील, काय खाईल, एवढंच ते विचारतात आणि ते बरोबरच आहे. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजना आहे, शाळांची हंगामी वसतिगृहं आहेत. अर्ज टोळी निघायच्या आधी झाला पाहिजे, त्यासाठी कामगाराची नोंदणी आणि ओळखपत्र लागतं. आजी गावात असेल तर सगळ्यांत सोपं.

दुसरी गळती दहावीनंतरची. १९ च्या गटातली चांगली पोरं लातूरला नीटच्या तयारीला जातात. नाव एका कॉलेजात, बसणं क्लासमध्ये. अशा मुलाच्या बोनाफाइडवर कुणी हरकत घेतली तर हजेरीपट मागतात आणि तिथे तो सापडत नाही.

याच वयात बोलावणी येतात. मोठ्या गावातल्या संस्था फी माफ, राहणं-खाणं फुकट असं सांगून पोरं नेतात. नेऊ द्यावीत, माझा विरोध नाही. पण शाळा सोडल्याचा दाखला देण्याआधी चार गोष्टी लेखी मागाव्यात. फी माफ म्हणजे फक्त शिकवणीची की परीक्षा, वसतिगृह, खानावळीचीही. किती वर्षांसाठी. दुखापत झाली आणि तो हंगामभर खेळला नाही तर सवलत राहते का. आणि त्या संस्थेने या वर्षी रग्बीची प्रवेशिका भरली आहे का. चौथा प्रश्न कुणी विचारत नाही आणि घात तिथेच होतो. संस्थेचा संघ कबड्डीचा असतो, मुलाची रग्बीची साखळी तुटते. हंगामाच्या मध्यात दाखला काढला तर जुन्या शाळेकडूनही नाही, नव्याकडूनही नाही, असं वर्ष जातं.

शिष्यवृत्ती म्हटलं की लोकांना परदेशी शाळांसारखं पूर्ण शिक्षण फुकट असं काहीतरी वाटतं. आपल्या देशात त्याच्या जवळ जाणारं उदाहरण भुवनेश्वरच्या कलिंगा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेसचं. तिथे आदिवासी मुलं निवासी शिकतात, आणि २००७ साली त्यांचा १४ वर्षांखालील रग्बी संघ लंडनमध्ये आंतरराष्ट्रीय शालेय स्पर्धा जिंकून आला. मराठवाड्यात तसं काही नाही. राज्याची क्रीडा प्रबोधिनी आहे, पण तिच्या खेळांत रग्बी नाही. धाकट्या, चपळ मुलाला तिच्या चाचण्यांना तरीही पाठवावं, अ‍ॅथलेटिक्समध्ये जागा निघू शकते. चाचण्या अशा: उंची, वजन, ३० मीटर धावणं, ६ गुणिले १० मीटर धावणं, उभी उडी, लांब उडी, मेडिसिन बॉल, पुढे वाकणं आणि ८०० मीटर. आपल्या पोरांचे गुण वाकण्यात आणि मेडिसिन बॉलमध्ये जातात, पळण्यात नाही.

रग्बीतून हाताला लागतं ते असं. दहावी-बारावीला क्रीडा गुण, स्तराप्रमाणे कमी-जास्त, २५ ही वरची मर्यादा. राष्ट्रीय शालेय स्पर्धेपर्यंत गेलेल्याला राज्याची शिष्यवृत्ती, रक्कम काही हजारांत. आणि पुढे सरकारी नोकरीतलं ५ टक्के खेळाडू आरक्षण, ज्याचा शासन निर्णय १ जुलै २०१६ चा आहे. खरं मोल या शेवटच्याचं. त्यासाठी प्रमाणपत्राची पडताळणी विभागीय क्रीडा उपसंचालकांकडे होते, तीही बहुधा पाच-सात वर्षांनी, जेव्हा जुने सर बदलून गेलेले असतात. बोगस प्रमाणपत्रांमुळे आता कागद बारकाईने पाहतात. तेव्हा प्रवेशिकेची प्रत, निकालपत्र, स्कोअरशीट, सही असलेलं ओळखपत्र, सगळं मागतात. बाराव्या खेळाडूला आत घालायचं ते यासाठी. प्रत्येक मुलाची एक प्लास्टिक फाइल करून घरी द्यावी, दुसरी प्रत शाळेत. प्रमाणपत्र हातात पडताच, मैदान सोडायच्या आत, नाव, वयोगट, दिनांक आणि स्थान वाचून घ्यावं. खोडलेलं, पेनाने दुरुस्त केलेलं प्रमाणपत्र घेऊच नये. तिथेच दुसरं मागावं.

क्रीडा गुणांचा अर्ज आता ऑनलाइन आहे आणि त्याची मुदत बोर्डाच्या परीक्षेच्या आसपास येते, म्हणजे मुलगा अभ्यासात आणि आई-बाप फडात. तो शाळेनेच भरावा.

शिष्यवृत्तीचे पैसे थेट खात्यावर येतात आणि शेवटची अडचण तिथे असते. मुलाचं पहिलीत काढलेलं खातं बंद पडलेलं असतं, किंवा आधार जोडलेलं नसतं. आधारही चालत नाही, कारण १५ वर्षं पूर्ण झाल्यावर बोटांचे ठसे नव्याने द्यायचे असतात ते दिलेले नसतात. म्हणून जूनमध्ये कागद जुळवताना चौथा कागद पासबुक. पन्नास रुपये भरून बघावेत, नोंद उमटली तर खातं जिवंत आहे.