रेवाच्या पोटाला पाय लावायचा की नाही

बऱ्याच दिवसांनी रेवाची नोंद लिहितोय. नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात: रेवा ही रेसकोर्सवरून निवृत्त झालेली कुम्मैत (तांबूस-तपकिरी, काळ्या आयाळीची) थरोब्रेड, म्हणजे शर्यतीच्या जातीची घोडी, आमच्या पुण्याच्या क्लबातली. अंगावर माशी बसली तरी खांद्यापासून पुठ्ठ्यापर्यंत कातडी थरथरते. आणि मी तिच्यावर ड्रेसेज शिकतोय, म्हणजे स्वाराच्या बारीक इशाऱ्यांवर घोड्याने ठरलेल्या चाली आणि वळणं नेटकेपणाने करून दाखवायचा प्रकार.

थरोब्रेडवर ड्रेसेज म्हटलं की काही जण नाक मुरडतात. 2023 मध्ये हांगझोऊच्या एशियन गेम्समध्ये आपल्या संघाने ड्रेसेजचं सुवर्ण जिंकलं (त्यात आपल्या मुंबईचा हृदय छेडाही होता), तेव्हापासून सगळ्यांच्या डोळ्यांसमोर युरोपात तयार झालेले ते डौलदार वॉर्मब्लड (खास अशा खेळांसाठी पैदास केलेले) घोडे आहेत. पण हौशी स्वारांच्या वाट्याला इथे बहुतेक करून रेसमधून उतरलेले घोडेच येतात. तेव्हा तुलना बाजूला ठेवून जो घोडा समोर आहे त्याच्यावर काम करावं, असं माझं मत.

या वेळचा विषय पाय. ‘तापट घोडीला पायच लावू नकोस, अलगद बसून राहा’ असं मला अनेकांनी सांगितलंय. मला ते आता अजिबात पटत नाही. पाय पोटापासून लांब धरून बसलं की तोल जाताना केव्हा ना केव्हा टाच लागतेच, आणि इतका वेळ काही नसताना अचानक लागलेल्या त्या टाचेने घोडी उडते. आमचे सर घोडदळातून निवृत्त झालेले रिसालदार. त्यांचं एक वाक्य आहे: “सुस्त घोड्यावरून पाय काढ, गरम घोड्यावर पाय ठेव.” ऐकायला उलटं वाटतं. पण पाय सतत आणि शांतपणे टेकलेला असेल तर घोडी त्याला दचकायचं सोडते. मगच त्या पायाने तिला काही सांगता येतं.

रेवाचं आधीचं आयुष्य बघितलं की हे नीट कळतं. जॉकीच्या रिकिबी इतक्या आखूड असतात की त्याचा पाय घोड्याच्या बरगड्यांवर लोंबकळतच नाही. लगाम आवळला की त्याच्यावर रेलून आणखी पळायचं, हे तिला लहानपणापासून माहीत. जॉकीला वर चढवतात तेही अनेकदा घोडा चालता असतानाच, त्यामुळे स्वार चढेपर्यंत चढायच्या ठोकळ्यापाशी उभं राहायचं असतं हेसुद्धा तिला नवीन. म्हणजे आपण ज्याला ‘खोड’ म्हणतो ते बहुतेक वेळा तिचं जुनं शिक्षण असतं.

तर सरांनी सुरुवात उभ्या घोडीपासून केली. दोन्ही पाय ओल्या टॉवेलासारखे सोडून द्यायचे, पोटरी टेकलेली, टाच बाहेर वळलेली नाही. ती पुढे निघाली तर लगाम न ओढता श्वास सोडायचा, कंबर जड करायची, पाय तिथेच. मग हेच कदम चालीत. मग दुडकीत (चालीपेक्षा जलद, उसळती गती), पण एका दमात फेरी नाही: थोडी दुडकी, परत चाल, परत दुडकी. गती बदलण्याच्या त्या क्षणीच पाय सुटतो, आणि नेमका तिथेच तो टिकवायचा असतो. बघणाऱ्याला हे भयंकर कंटाळवाणं वाटतं. माझ्या बायकोने व्हिडिओ काढायला यायचं बंद केलंय.

खरी परीक्षा डाव्या वर्तुळाची. मुंबई-पुण्याच्या ट्रॅकवर घोडे घड्याळाच्या काट्याच्या दिशेने धावतात, म्हणजे वळणं सगळी उजवीकडची. रेवा उजवीकडे छान वाकते. डावीकडे मात्र मान बाहेर, आणि डावा खांदा आत कोसळतो, 20 मीटरचं वर्तुळ बघता बघता 15 चं होतं. बाहेरचा लगाम ओढून ती बाहेर जात नाही, मान तेवढी आणखी वाकडी होते. उपाय एकच, आतल्या म्हणजे डाव्या पायाने बरगडी बाहेर सरकवायची आणि ती सरकलेली उजव्या लगामात झेलायची. ज्या पायाला ती सगळ्यात जास्त बिचकायची तोच पाय.

त्यात ‘सी’पासून ‘एच’कडे (ड्रेसेजच्या मैदानाच्या कडेला अशी अक्षरं खुणेसाठी लावलेली असतात) डावीकडे वळताना कुंपणापलीकडे निळी ताडपत्री. वारा आला की फडफडते. आधी रेवा तिथे कान टवकारून, नाकपुड्या फुलवून, बाजूला दीड मीटर उडी मारायची. ‘घोड्याला ती वस्तू दाखव, ओळख करून दे’ हा सल्ला इथे चालला नाही, उलट बघून बघून तिची छाती फुगायची. सरांनी उलटं करवलं. ताडपत्रीच्या बरंच आधी तिचं डोकं किंचित आत, आतला पाय टेकलेला, खांदे कडेला, आणि मी नजर लावायची ‘ई’वर. पहिल्यांदा हे जुळलं तेव्हा ती ताडपत्रीकडे एक कान ठेवून, दुसरा माझ्याकडे वळवून तिथून गेली. पाठीत खोगिराखाली आधी असायचा तो कडकपणा नव्हता. लगामाचं वजन हातात सारखं आलं. स्वारांना कळेल मी काय म्हणतोय.

पायाला होणारी सगळी प्रतिक्रिया स्वभावाची नसते, हे मुद्दाम लिहितो. काम वाढवण्याआधी घोड्यांच्या डॉक्टरांनी तिच्या दातांची टोकं कानशीने घासली, खोगीर तपासलं (थरोब्रेडचा वांसा, म्हणजे मानेमागचा पाठीचा उंचवटा, उंच असतो, त्यावर खोगीर टेकलं की संपलंच) आणि पोटाचं बघितलं. रेसच्या घोड्यांत जठराचे व्रण फार आढळतात, आणि खोगिराचा तंग (पोटाखालचा पट्टा) आवळताना चावणं किंवा पायाला चिडणं हे त्याचंही लक्षण असू शकतं. आता स्वारीआधी थोडा लसूणघास देतो. त्यातल्या कॅल्शियममुळे आम्लाचा जोर कमी होतो, शिवाय पोटात चारा असला की आम्ल वर उसळत नाही. गूळ बंद केला, त्यावरून तिची देखभाल करणारे मोतद्दार मामा माझ्यावर रुसलेत.

ढोल-ताशा पथकांचा सराव नदीकाठी सुरू झाल्यावर संध्याकाळचे धडे पार बिघडतील असं वाटलं होतं. पण ढोलाचा सलग ठेका तिने दोन-तीन दिवसांत पचवला. एकटा ताशा मधेच कडाडला की मात्र अजून उडते. मला यात पायाचीच गोष्ट दिसते: सतत असलेलं चालतं, अचानक आलेलं नाही.

क्लबमधल्या छोट्या स्पर्धेत 20 बाय 40 च्या मैदानावर सोपी टेस्ट दिली. ड्रेसेजमध्ये प्रत्येक हालचालीला 0 ते 10 गुण, 6 म्हणजे समाधानकारक. सुरुवातीचं थांबणं 5, कारण मी सलाम करेपर्यंत ती पुढे निघाली. लांब लगामावरची मोकळी चाल 7, आणि तिचे गुण दुप्पट धरतात. डावं दुडकीचं वर्तुळ 6. उजवीकडचा कँटर (दुडकीच्या पुढची, तीन ठोक्यांची धाव) घाईचा, 5.5. पंचांचा शेरा: ‘घोडी ऐकते आहे, हातातला संपर्क अजून स्थिर हवा.’ त्या 6 चा मला 7 पेक्षा जास्त आनंद झाला.

आता डावा कँटर. सर म्हणतात, चालीत लेग-यील्डची (पायाच्या इशाऱ्याने पुढे जाता जाता बाजूला सरकण्याची) दोन-चार पावलं डाव्या पायावरून शांतपणे मिळेपर्यंत त्याचं नाव काढायचं नाही. तोवर कोपऱ्यातून दुडकी, चाल, दुडकी. कुणी रेसच्या घोड्याला डावा कँटर लावताना जमिनीवर आडवा टाकलेला बांबू वापरला असेल, तर तो कोपऱ्यापासून किती अंतरावर ठेवला ते जरूर कळवा.